साहेबांची बाटली

“तोंड उघडलंय, घाला पटकन!” आजी ओरडली.

मामांनी बाटली घातली. साहेबांनी ती जिभेने एकदा चाचपली, भुवया वर नेल्या आणि इतक्या जोरात बाहेर ढकलली की दुधाचा फवारा थेट मामांच्या चष्म्यावर आला. मग साहेबांनी भोकाड पसरलं. साहेब होते तीन महिन्यांचे, पण आवाज एखाद्या खात्याच्या वरिष्ठ अधिकाऱ्याचा होता.

“तुम्ही उशीर केलात,” आजी म्हणाली.

“मी?” मामा चष्मा पुसत म्हणाले. “तू घाला म्हणालीस, मी घातली.”

“मी म्हणायच्या आधी घालायची होती.”

लग्नाला इतकी वर्षं झाली तरी अशा वाक्यांना उत्तर त्यांना सापडलं नव्हतं.

मामा एका आठ मजली इमारतीचे लिफ्टमन, आणि म्हणून सगळ्या इमारतीचे मामा. इमारत जुनी, आणि लिफ्ट तिच्याहूनही जुनी वाटावी अशी. तिला जाळीचे दोन सरकते दरवाजे होते, आणि ते नेमके लागले नाहीत तर लिफ्ट जागची हलत नसे. ते नेमके लावणं फक्त आपल्यालाच जमतं, असं मामांचं म्हणणं होतं, आणि आजवर ते खोडून काढायची हिंमत कोणी केली नव्हती. लिफ्टच्या मागच्या दोन खोल्यांत त्यांचा संसार. जन्मभर ‘या साहेब’, ‘कितवा साहेब’ म्हणून म्हणून जिभेला इतकं वळण पडलं होतं की दवाखान्यात नर्सने नातू हातात दिला तेव्हाही त्यांच्या तोंडून निघालं, “या साहेब.” नाव तेव्हा चिकटलं ते चिकटलंच. सहाव्या मजल्यावरच्या सेक्रेटरींना मात्र ही गोष्ट रुचली नव्हती. या इमारतीत खरे साहेब आपण एकटेच, अशी त्यांची समजूत होती.

सगळं घोडं अडलं होतं ते सोमवारपाशी.

साहेबांची आई, म्हणजे मामांची लेक, चष्म्याच्या कारखान्यात भिंगं घासायची. कच्चं भिंग फिरत्या चाकाला लावून त्याची कड झिजवायची, फ्रेममध्ये घालून बघायचं, पुन्हा केसभर झिजवायचं. हे काम बोटांचं. मालकीणबाईंनी तिची जागा राखून ठेवली होती, आठवड्यातले तीन दिवस, एक दिवस सोडून एक, आलीस तरी चालेल म्हणाल्या होत्या. पण सोमवारी आली नाहीस तर दुसरी मुलगी दाराशी उभी आहे, हेही त्यांनी तितक्याच गोड आवाजात सांगितलं होतं. लेकीचा नवरा लांबच्या बंदरावर क्रेन चालवायचा आणि महिन्यातून एकदा उगवायचा. त्यामुळे पगार हवाच होता. पण नुसता पगारच नव्हे. कोणीतरी नवा चष्मा डोळ्यांवर चढवतं, समोरच्या रस्त्यावरची पाटी मोठ्याने वाचून दाखवतं, आणि त्या माणसाचं तोंड उजळतं, ते बघायला तिला आवडायचं. घरात बसून ते कुठून मिळणार?

आणि साहेबांना अंगावर पाजणंही तिला सोडायचं नव्हतं. सुरुवातीचे आठवडे तिने दात आवळून काढले होते. आता कुठे दोघांचं सूत जमलं होतं. साहेब पिता पिता एक डोळा उघडून तिच्याकडे बघायचे आणि तोंडात दूध असतानाच हसायचे, त्यामुळे निम्मं दूध गळ्यावरून ओघळायचं. जगातलं दुसरं काही त्यावरून ओवाळून टाकावं असं तिला वाटायचं.

सल्ले द्यायला अर्थात सगळी इमारत हजर होती. दुसऱ्या मजल्यावरच्या बाई म्हणाल्या, अंगावरचं एकदम तोडून टाक, रडेल दोन दिवस आणि मग मुकाट्याने बाटली घेईल. पाचव्या मजल्यावरचे गृहस्थ म्हणाले, त्यापेक्षा नोकरी सोड. ते निवृत्त होते, त्यामुळे नोकरी सोडण्यात अवघड काय आहे हे त्यांना समजत नव्हतं.

“मला दोन्ही हवंय,” लेक म्हणाली आणि तिचे डोळे भरून आले. “मी घरी असेन तेव्हा मी पाजीन. मी नसेन तेव्हा माझंच दूध बाटलीतून. यात एवढं काय मोठं मागितलं मी?”

मोठं काहीच नव्हतं. फक्त साहेबांना ते मान्य नव्हतं.

जावयाने बंदरावरून बाटल्या पाठवल्या. लांब निपलच्या, रुंद निपलच्या, वाकड्या मानेची एक, आणि एक तर दिव्यासारखी दिसणारी. साहेबांनी प्रत्येक बाटलीची जिभेने चौकशी केली आणि प्रत्येकीला बाहेरचा रस्ता दाखवला. फडताळात बाटल्यांची अशी रांग लागली की पाहुण्याला वाटावं, इथे औषधांचं दुकान निघतंय.

शेवटी चौथ्या मजल्यावरच्या सिस्टर खाली आल्या. त्या प्रसूतिगृहातून निवृत्त झालेल्या. इतकी बाळं त्यांच्या हातून जगात आली होती की आता मोठ्या माणसांशीही त्या ‘ओ ओ, काय झालं?’ अशाच सुरात बोलायच्या.

“भुकेने कळवळलेल्या पोराला नवीन काही शिकवायला जाऊ नका,” त्या म्हणाल्या. “तुम्हाला उपाशीपोटी कोणी सायकल शिकवली तर चालेल का, मामा?”

“मला भरल्यापोटीही येत नाही,” मामा म्हणाले.

“तेच. थोडी भूक लागायला आली की द्यायची. दूध कोमट पाण्याच्या भांड्यात ठेवून गरम करायचं, गॅसवर नाही. आडवं झोपवायचं नाही, उभट धरायचं. आणि तू,” त्या लेकीला म्हणाल्या, “घरात थांबायचं नाहीस. तुझा वास आला की तो त्या रबराकडे बघेल कशाला?”

त्यामुळे रोज दुपारी लेकीची रवानगी गच्चीवर होऊ लागली. तिथे लोकांच्या वाळत घातलेल्या चादरींमध्ये ती उभी राहायची. तळमजल्यावरचं रडणं आठव्याच्या वर ऐकू येणं शक्य नव्हतं, पण तिला ते ऐकू यायचं, आणि अंगावरचे कपडे छातीशी ओले व्हायचे. मग ती धावत खाली यायची.

“प्यायला?”

“थुंकला,” आजी म्हणायची.

लेक त्याला उचलून घ्यायची, तो लगेच गप्प व्हायचा, आणि तिला बरं वाटायचं. त्या बरं वाटण्याची तिला लाज वाटायची. सोमवार जवळ येत होता, आणि आपलं पोर आपल्याशिवाय पीत नाही याचा आपल्याला आनंद होतोय, असं कोणाला सांगायचं? तिने कोणालाच सांगितलं नाही.

गुरुवारी मात्र अजब घडलं. लेक गच्चीवर गेलेली. आजीने बाटली देऊन बघितली, गाणं म्हणून बघितलं, रागावून बघितलं. साहेब बधले नाहीत. शेवटी आजी साहेबांना आणि बाटलीला घेऊन तरातरा लिफ्टपाशी आली.

“घ्या तुमचा नातू. मी हात टेकले.”

“अगं, मी ड्यूटीवर आहे.”

“मी पण ड्यूटीवरच होते. आता माझी ड्यूटी संपली.” आणि ती गेली.

मामांनी साहेबांना डाव्या हाताच्या वळशात बसवलं. बाटली उजव्या हातात. तेवढ्यात सातव्या मजल्यावरून घंटी वाजली. घंटी वाजली आणि मामा गेले नाहीत असं कधी झालं नव्हतं. त्यांनी बाटली काखेत मारली, उजव्या हाताने बाहेरचा दरवाजा ओढला, आतला ओढला, बटण दाबलं, स्टुलावर टेकले आणि रडणाऱ्या तोंडात सवयीने बाटली धरली. लिफ्टने नेहमीचा हुंदका दिला आणि वर निघाली. साहेब एकदम गप्प झाले. जाळीतून एकेक मजला खाली जाताना ते डोळे मोठे करून बघत राहिले, आणि बघता बघता ओढू लागले.

तिसऱ्या मजल्यावर कोणीतरी उभं होतं. दरवाजा उघडायला हात हवा, म्हणून मामांनी बाटली काढली. साहेबांनी तक्रार केली नाही, वाट बघितली. दरवाजे लागले, बाटली परत आली, साहेबांनी परत ओढायला सुरुवात केली. पाचव्याला पुन्हा तेच. सातव्याला तेच. आठव्यापर्यंत जाऊन लिफ्ट खाली आली तेव्हा बाटलीत फक्त फेस उरला होता.

मामांनी ती रिकामी बाटली आजीच्या डोळ्यांसमोर धरली.

“सांडलीत ना कुठेतरी?” आजी म्हणाली.

“पोटात सांडली,” मामा म्हणाले, आणि त्या दिवशी त्यांची छाती अशी फुगली की गणवेशाचं वरचं बटण लागेना.

बातमी पसरायला वेळ लागला नाही. मामांनी जाहीर करून टाकलं की साहेबांना लिफ्टच लागते. लिफ्टच्या हलण्यातच काहीतरी आहे, आणि तीही हीच लिफ्ट, दुसरी नाही. शुक्रवारी पुन्हा तेच झालं. शनिवारी तर लोक मुद्दाम येऊ लागले. दुसऱ्या मजल्यावरच्या बाई घरी जायचं सोडून आठव्यापर्यंत जाऊन परत खाली यायच्या. लिफ्टमध्ये कुजबुजण्याच्या वर आवाज काढायची बंदी झाली. पाचव्या मजल्याच्या गृहस्थांना कुजबुजता येत नसे, त्यांना मामांनी नम्रपणे जिन्याने जायला सांगितलं.

सिस्टरांनी एकदा त्या दोघांना नीट निरखलं. “मामा, लिफ्टचं काही नाही हो यात,” त्या म्हणाल्या. “तुम्ही मधे मधे बाटली काढताय ना, त्यामुळे—”

“तिसरा आला, सिस्टर. कोणी उतरणार?” मामांनी विषय तिथेच संपवला. ज्या लिफ्टला आपण आयुष्य दिलं तिच्याबद्दल कोणी असं बोललेलं त्यांना खपत नव्हतं.

सेक्रेटरी रविवारी संध्याकाळी लिफ्टमध्ये शिरले ते कपाळाला आठ्या घालूनच.

“मामा, ही लिफ्ट आहे. पाळणाघर नव्हे.”

“हो साहेब. कितवा साहेब?”

“सहावा. आणि तुम्हाला माहीत आहे सहावा ते.”

“माहीत आहे, पण विचारायची पद्धत आहे. जरा हळू बोला साहेब, साहेब पितायत.”

सेक्रेटरींनी दोन्ही साहेबांच्या मधला फरक मनातल्या मनात मोजला आणि तोंड फिरवून उभे राहिले. सहाव्याला उतरताना ते म्हणाले, “मीटिंगमध्ये हा विषय घेणार आहे मी.” पण ते म्हणाले कुजबुजत.

सोमवारी सकाळी लेकीने साहेबांना पोटभर पाजलं, काढून ठेवलेलं दूध फ्रिजमध्ये कुठे आहे ते आईला पुन्हा पुन्हा दाखवलं, आणि पाठीमागे न बघता गेली. कोपऱ्यावर जाऊन मात्र ती थांबली, नाक पुसलं, आणि मग गेली.

दुपारी साहेबांची चुळबुळ सुरू होताच आजीने बाटली कोमट करून लिफ्टपाशी आणली. मामा तयारच होते. साहेब बसले, बाटली आली, लिफ्ट निघाली. पहिल्या मजल्यावर सेक्रेटरी आत आले. ते तिथल्या शेजाऱ्यांकडे याच विषयावर सह्या मागायला गेले होते. दुसरा गेला, तिसरा गेला, चौथा गेला, आणि मग लिफ्ट खोकली. एकदा, दोनदा, आणि थांबली.

“मामा, चालू करा,” सेक्रेटरी म्हणाले.

“साहेब, ती आपणहून थांबलीय.”

“आपणहून म्हणजे?”

“म्हणजे मी थांबवलेली नाही.”

मामांनी दरवाजे ओढून बघितले, बटणं दाबून बघितली, लिफ्टला प्रेमाने थोपटलंही. ती चौथ्या आणि पाचव्याच्या मधे लटकून राहिली. साहेबांनी थोडा वेळ वाट बघितली. दरवाज्याची खडखड नाही, मजले सरकत नाहीत. त्यांनी निपल थुंकलं, श्वास आत घेतला आणि असा सूर लावला की लिफ्टच्या भोकातून तो एकाच वेळी आठही मजल्यांवर पोचला.

“काय झालं होऽऽ?” खालून आजीचा आवाज आला.

“मेकॅनिकला बोलवाऽऽ,” सेक्रेटरी ओरडले.

बऱ्याच वेळाने उत्तर आलं, “जेवायला बसलाय म्हणेऽऽ! जेवून येतोय!”

लेक तिकडे चाकापाशी बसली असेल, तिच्या मनात दुसरं काही नसेल, आणि इथे पहिल्याच दिवशी तिचा बाप हरणार होता. आज साहेब उपाशी राहिले तर बुधवारी लेक घराबाहेर पाय टाकणार नाही, हे मामांना लख्ख दिसत होतं.

“लिफ्ट हलल्याशिवाय पीत नाही हा,” ते म्हणाले.

“मग आता?” सेक्रेटरींनी कानांवर हात ठेवले होते.

मामांनी दरवाज्याकडे बघितलं, सेक्रेटरींकडे बघितलं.

“साहेब, तुम्ही दरवाजा वाजवा.”

“काय?”

“आतला. चार बोटं सरकवायचा आणि परत लावायचा. खडखड झाली पाहिजे. आणि मजला ओरडायचा. मी खालीवर होतो.”

“मामा, मी या सोसायटीचा सेक्रेटरी आहे.”

“म्हणून तर तुम्हाला सांगतोय साहेब. आत दुसरं कोणी नाही.”

साहेबांनी आणखी वरचा सूर पकडला. सेक्रेटरींनी घाईघाईने दरवाजा धरला.

“पाचवा,” ते पुटपुटले. खडखड.

“जोरात साहेब, आणि जरा लांबवा. तो ऐकतोय.”

“पाचवाऽऽ!”

मामा साहेबांना घेऊन स्टुलावरून सावकाश उठले, अगदी लिफ्ट निघते तसे, आणि बाटली पुढे केली. साहेबांनी संशयाने बघितलं. मग ओढलं. खडखड, बाटली बाहेर. “सहावाऽऽ!” बाटली आत. मामा सावकाश खाली बसले. पुन्हा उठले. “सातवाऽऽ!” मामांच्या गुडघ्यांतून कट् असा आवाज आला, तो दरवाज्याहून मोठा होता. आठव्याला ते कसेबसे उठले आणि जे बसले ते बसलेच.

“नववाऽऽ!” सेक्रेटरी ओरडले. त्यांना आता रंग चढला होता.

“साहेब, आपल्याकडे नववा नाही.”

“मग काय करू? बाटली अजून अर्धी आहे!”

“परत खाली या.”

“सातवाऽऽ! पण तुम्ही उठत नाही आहात, मामा.”

“साहेब, गुडघे गेले.”

आणि तेव्हा दोघांच्याही लक्षात आलं की मामा उठत नाहीत, पण साहेब पितायत.

“सेक्रेटरी, तुम्ही पण थांबा आता,” खालून आवाज आला. चौथ्या मजल्याच्या जाळीपाशी सिस्टर उभ्या होत्या. त्यांना वरच्या फटीतून फक्त सेक्रेटरींचे बूट दिसत होते, त्यामुळे त्या बुटांशीच बोलत होत्या. “दरवाजा नको, मजले नकोत. मामा, तुम्ही नुसतं पाजा. चार घोट झाले की बाटली काढा. दम घेऊ द्या. परत द्या.”

सेक्रेटरींनी दरवाजा सोडला. साहेबांनी ओढलं. मामांनी बाटली काढली. साहेबांनी सुस्कारा सोडला, छताकडे बघितलं, मग तोंड उघडलं. मामांनी परत बाटली दिली.

“मी तुम्हाला त्याच दिवशी सांगत होते,” सिस्टर बुटांना म्हणाल्या. “आईच्या अंगावर तो असाच पितो, थांबत थांबत. घरी तुम्ही दोघं त्याच्या तोंडात नळ सोडत होतात. तो गुदमरायचा हो.”

“मी तर फक्त दरवाजा उघडायला हात लागायचा म्हणून काढायचो,” मामा खजील होऊन म्हणाले.

“असू द्या. लिफ्ट कुठे पाजते का कोणाला? तुम्ही पाजताय त्याला.”

लिफ्टचा मान गेला याचं मामांना खरंच वाईट वाटलं. पण हातातलं ते ऊबदार ओझं आपल्यामुळे पितंय, हे समजल्यावर त्यांना समोरचं नीट दिसेना, आणि चष्मा पुसायला दोन्हीपैकी एकही हात मोकळा नव्हता.

बाटली संपली. मामांचे गुडघे उठण्यापलीकडे गेले होते, तेव्हा साहेबांना खांद्यावर घेण्याचं काम सेक्रेटरींकडे आलं. त्यांनी आधी नाही म्हटलं, मग घेतलं, मग सिस्टरांच्या सूचनेप्रमाणे पाठीवरून हात फिरवू लागले. थोड्या वेळाने त्यांनी जाळीला तोंड लावून सगळ्या इमारतीला ऐकू जाईल असं सांगितलं, “आला! ढेकर आला!” ढेकराबरोबर आणखी काय आलं ते त्यांच्या शर्टाच्या पाठीवरून ओघळत होतं, पण ते त्यांना घरी जाईपर्यंत कळलं नाही.

मेकॅनिक जेवून, सावकाश पाय ओढत आला. त्याने वरून चाक हाताने फिरवून लिफ्ट चौथ्यापर्यंत उतरवली आणि सांगितलं की मोटर जळलीय, नवीन भाग यायला आठवडा तरी लागेल. मीटिंगमध्ये घ्यायच्या विषयाचं काय झालं, असं सेक्रेटरींना कोणीतरी जिन्यात विचारलं. “कोणता विषय?” सेक्रेटरी म्हणाले.

लेक संध्याकाळी आली ती जवळजवळ पळतच. दिवस तिला वाटला होता तसा गेला नव्हता. पहिलं भिंग हातून जास्त झिजलं, दुसऱ्याला बोटांना सगळं आठवलं. दुपारी मागच्या खोलीत, फ्रेमच्या खोक्यांमध्ये बसून तिने पंपाने दूध काढलं, तेव्हा मालकीणबाई स्वतः दाराबाहेर खुर्ची टाकून राखणीला बसल्या. तेवढा वेळ बरा गेला. बाकी सगळा वेळ तिच्या कानात रडणं होतं.

“प्यायला?” तिने दारातूनच विचारलं.

“सगळी,” आजी म्हणाली. “दोन्ही वेळा. दुसरी तर इथे खुर्चीत बसून. लिफ्ट नाही, गाणं नाही, काही नाही. हे पाजतायत आणि तो पितोय.”

मग मामांनी सगळी कथा सांगितली. सेक्रेटरींच्या नवव्या मजल्यापाशी लेक हसून हसून खाली बसली. आणि हसता हसताच रडू लागली.

“आता काय झालं?” आजीने विचारलं.

“काही नाही गं. मला आनंदच झालाय.” तिने डोळे पुसले. “पण वाईटही वाटतंय. मी नसले तरी चालतं त्याला.”

“अगं, चालतं म्हणूनच परवा जाशील ना तू,” आजी म्हणाली.

लेकीने हात धुतले आणि साहेबांना घेतलं. साहेबांनी तिच्याकडे बघितलं, आणि मान दुसरीकडे वळवली. भिंतीकडे. एका दिवसात विसरला? आजीने हातातलं फडकं खाली ठेवलं. साहेबांनी भिंतीवरची एक पाल व्यवस्थित बघून घेतली, मग आईकडे वळले आणि अशा घाईने प्यायला लागले की लेकीच्या तोंडून “आई गं” निघालं. थोड्या वेळाने एक डोळा उघडला. त्या डोळ्याने आईला बघितलं आणि दूध गळ्यावरून ओघळलं.

सगळ्यांचा जीव भांड्यात पडला. आजी चहा टाकायला गेली. मामा मोरीपाशी बाटली धूत होते. धुतलेली बाटली ते परत धूत होते.

“बाबा, उद्या मी घरी आहे,” लेक म्हणाली.

“हो, माहीत आहे.”

“म्हणजे उद्या बाटली नाही.”

“नाही. कशाला? तू आहेस की.” मामांनी बाटलीत पाणी भरलं आणि ओतून टाकलं. “मग परवा.”

“परवा.”

लेक त्यांच्या पाठीकडे बघत राहिली. उद्याचं साहेबांचं प्रत्येक पाजणं तिने दिवसभर चाकापाशी बसून मनात मोजून ठेवलं होतं. त्यातलं एकही कोणाला द्यायची तिची इच्छा नव्हती. साहेबांचं मऊ डोकं तिच्या कोपरात जड होत चाललं होतं.

“बाबा,” ती म्हणाली, “उद्या दुपारी मला जरा झोप काढायचीय. तेवढी एक बाटली तुम्ही द्याल का?”

लेक जन्मात कधी दुपारी झोपली नव्हती. आजीने स्वयंपाकघरातून मान बाहेर काढून बघितलं, आणि नवल म्हणजे काही बोलली नाही.

मामांनी बाटली स्वच्छ फडक्यावर पालथी घातली, हात पुसले, चष्मा नीट केला.

“बघतो,” ते म्हणाले. “ड्यूटीतून वेळ मिळाला तर.”

“बघा,” लेक म्हणाली.

लिफ्ट आठवडाभर बंद होती.